तुटक्या दातांचं चाक घेऊन नवेगाव बांधला

कॅमेऱ्यातल्या एका चाकासाठी साताऱ्याहून गोंदिया जिल्ह्यात कोणी जातं का, असं माझ्या बहिणीनं विचारलं, तेव्हा तिकीट काढून झालेलं होतं. परत आल्यावर ती आणि बाकीचे सगळे विचारू लागले, मग तिथं झालं काय? तोंडी सांगताना मी दर वेळी काहीतरी गाळते, विशेषतः माझी लाज काढणारा भाग. म्हणून सगळं लिहूनच काढलं.

मी तेहतीस वर्षं एका रुग्णालयाच्या एक्स-रे विभागात होते. त्यातली पहिली निम्मी वर्षं लाल दिव्याच्या खोलीत फिल्म धुण्यात गेली. मग संगणक आले, ती खोली बंद झाली आणि तिथं झाडू आणि बादल्या ठेवायला लागले. त्याच वर्षी जुन्या बाजारातून जाताना मी एक कॅमेरा उचलून पाहिला. त्याला सेल नव्हता. हातानं किल्ली फिरवली, खटका दाबला आणि आतलं यंत्र सेकंदभर कुरकुरून टक्‌कन बंद झालं. मी तो घेतल्याशिवाय तिथून हलू शकले नाही. पुढच्या महिन्यात दुसरा आणला. तिसरा आला तेव्हा मला कळून चुकलं की हे आता थांबणार नाही. आज घरात चाळीसच्या वर कॅमेरे आहेत, सगळे हातानं चालणारे, फिल्मचे. दर रविवारी मी प्रत्येकाचा खटका एकदा दाबते.

त्यातला एकच मुका होता, आणि तोच माझा सगळ्यात आवडता. दोन भिंगांचा, पोटाशी धरून वरून काचेत वाकून बघायचा. वरच्या भिंगातून बघायचं, खालच्यातून फोटो निघतो. त्याची भिंगं आरशासारखी स्वच्छ, शटर ठणठणीत. पण फिल्म पुढं सरकवणाऱ्या पितळी चाकाचे लागून असलेले दोन दात तुटलेले. हँडल फिरवलं की चाक तिथं येऊन घसरायचं. सहा वर्षं मी तो पुण्या-मुंबईच्या कारागिरांकडं फिरवला. सगळ्यांचं उत्तर एक: असाच दुसरा कॅमेरा शोधा आणि त्याचं चाक काढून यात घाला.

वनिता माझ्याबरोबर त्याच रुग्णालयात नर्स होती. निवृत्त झाल्यावर ती माहेरी, नवेगाव बांधला राहायला गेली. दिवाळीनंतर तिनं फोनवर एक चित्र पाठवलं. शेजारच्या घरातल्या फळीवर, पितळी लोटा आणि बियाण्याची पुडी यांच्या मधे, हुबेहूब माझा कॅमेरा. "परसराम काकाजींचा आहे. बंद आहे. ये तू," असं तिनं खाली लिहिलं होतं. मी फोन करून चाकाचं विचारलं. चाक चांगलं आहे म्हणतात, असं ती म्हणाली. मला तेवढं पुरे होतं.

गोंदिया

गोंदियाला उतरले ती सकाळ थंड होती. स्टेशनबाहेर मी मराठीत बोलत होते आणि मला हिंदीत उत्तरं मिळत होती. दोन्ही बाजूंना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. एका गाड्यावर आलूबोंडा मागितला. आमच्याकडं वडा कोरडा मिळतो, सोबत चटणी नि पाव. इथं तो बशीत फोडून त्यावर लाल रस्सा ओतला. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं. गाडेवाला म्हणाला, "बाई, तिखट कमी टाकलं है आपके लिए." मी दुसरी बशी घेतली.

मग दक्षिणेकडं जाणारी छोटी गाडी. दोन्ही बाजूंना कापून झालेली धानाची शेतं आणि त्यांत रचून ठेवलेले गोल पुंजणे, आमच्याकडच्या कडब्याच्या गंजीपेक्षा बुटके आणि नीटस. दर थोड्या वेळानं एखादी बोडी, म्हणजे शेतांच्या वरच्या अंगाला बांध घालून अडवलेलं लहान तळं, आणि मग साग-बांबूचं जंगल. मांडीवरच्या पिशवीत माझा कॅमेरा, काळी पिशवी, स्क्रूड्रायव्हरची डबी, फिल्म धुण्याच्या पावडरी आणि दोन रोल होते. रोल नेहमीचेच, बारा फोटोंचे. सहा वर्षांत या कॅमेऱ्यातून एकही गेला नव्हता.

नवेगाव बांध

वनितानं स्टेशनवरून थेट परसराम काकाजींच्या घरी नेलं. काकाजी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, उंच, ताठ, डोक्याला पांढरा शेला गुंडाळलेला. घरची शेती सांभाळून त्यांनी अर्जुनी मोरगावला कित्येक वर्षं फोटो काढण्याचं दुकान चालवलं. त्यांच्या पूर्वजांनी या भागात तलाव बांधले, हे त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं, आणि तेही अशा सुरात की जणू मागच्याच वर्षी बांधले. घरापुढच्या छपरीत खाट टाकलेली होती. खाटेवर धुतलेला टॉवेल आणि टॉवेलवर त्यांचा कॅमेरा.

मी माझा काढून शेजारी ठेवला. जुळी भावंडं शेजारी बसावीत तसे ते दिसत होते. मग आम्ही दोघं एकमेकांकडं पाहत राहिलो.

"मंग, काहाडा," काकाजी म्हणाले.

मी विचारलं, काय काढू?

"भिंग. तुमी भिंग आनून रायल्या म्हने ना माह्या कॅमेऱ्यासाठी."

मी वनिताकडं पाहिलं. वनिता छताच्या कौलांकडं बघत होती. थोड्या वेळात सगळा उलगडा झाला. काकाजींच्या कॅमेऱ्याचं चाक धड होतं, पण खालचं भिंग बुरशीनं पांढरं झालेलं आणि शटर चिकटलेलं. अकरा वर्षं तो बंद होता. त्यांनाही एका कारागिरानं सांगितलेलं की असाच दुसरा कॅमेरा शोधा, त्याचं भिंग काढून यात घाला. वनितानं त्यांना सांगितलं की भिंग घेऊन बाई येते, आणि मला सांगितलं की चाक तयार आहे. तिचं म्हणणं, दोघांना खरं सांगितलं असतं तर दोघंही जागचे हलले नसते. ते खरंच होतं.

दोन कॅमेऱ्यांतून एक चालता कॅमेरा होत होता, आणि तो दोघांनाही हवा होता. काकाजींनी सरळ सांगितलं, चाक मिळणार नाही. मीही तितक्याच सरळ सांगितलं की भिंग मिळणार नाही. आमच्या बाजूला असा नकार देताना आधी चहा होतो, इकडचं तिकडचं बोलणं होतं, मग "बघू" म्हणतात. इथं नकार आधी झाला आणि चहा नंतर आला, आणि चहा देणाऱ्याच्या चेहऱ्यावर कसलाही राग नव्हता.

चहा आणला होता काकाजींच्या पत्नीनं, सुभद्रा मावशींनी. ठेंगण्या, सत्तरी ओलांडलेल्या. कप माझ्या हातात देताना त्यांनी माझ्या बोटांकडं नीट पाहिलं आणि त्या आत गेल्या.

संध्याकाळी वनिता मला तलावावर घेऊन गेली. कॅमेरा उचलून बरोबर नेणं बरं दिसलं नसतं, म्हणून तो तिथंच खाटेवर राहू दिला. तलाव एवढा मोठा की पलीकडची टेकडी पाण्यातून उगवल्यासारखी दिसते. मासेमार डोंग्यांतून जाळी गोळा करत होते. पाणपक्ष्यांचे थवे उतरत होते. एवढं सुंदर ठिकाण आणि माझ्या डोक्यात मात्र तेच: एक पितळी चाक, नखाएवढं, आणि ते मिळणार नाही.

जेवायला वनिताच्या घरी बसलो. तिची वहिनी म्हणाली, आज पोपट केलाय. माझा हात ताटावरच थांबला. पोपट म्हणजे इथं वालाच्या शेंगांचे दाणे, हे कळेपर्यंत सगळ्या माझ्या तोंडाकडं बघून हसत होत्या. भाजी इतकी चवदार होती की दोनदा वाढून घेतली.

दुसरा दिवस

सकाळी काकाजी शेतावर निघाले होते. जाताना त्यांनी मला त्यांचा कॅमेरा उघडून तपासायची परवानगी दिली. भिंग खरंच गेलंय का, तेवढं सांगा म्हणाले. मी छपरीत उन्हाला पाठ करून बसले आणि पुढची बाजू उघडली. बुरशी भिंगाच्या आतल्या बाजूला होती, कोळ्याच्या जाळ्यासारखी. मला त्यात आशा वाटली. अशी बुरशी पुष्कळदा निघते.

माझं काम तिथं संपायला हवं होतं. पण मी बाजूची झाकणीही उघडली. ते चाक दिसलं. सगळे दात शाबूत, तेलकट पिवळं. हा कॅमेरा नाहीतरी बंदच आहे, माझ्या मनात आलं. माझं तुटकं चाक यात घातलं आणि झाकणी लावली, तर उघडून बघणार कोण? असं काही मी आयुष्यात केलेलं नाही. रुग्णालयातून साधी पेन्सिलसुद्धा घरी आणली नाही. पण माझा हात स्क्रूवर होता, आणि दोन स्क्रू सैल झालेले होते.

"काहाडून रायल्या का बसवून रायल्या?"

सुभद्रा मावशी दारात उभ्या होत्या, हातात सूप. आवाज चढलेला नव्हता. त्या खरोखरच विचारत होत्या.

खोटं बोलता आलं असतं. पण ते दोन स्क्रू एव्हाना निघून माझ्या तळहातावर होते. मी म्हणाले, "काढायचं मनात आलं होतं, मावशी."

त्या माझ्यासमोर जमिनीवर बसल्या. मी जुळवून बघायला काढून ठेवलेलं माझं तुटकं चाक बोटावर घेऊन उन्हात धरलं. नंतर म्हणाल्या, "दात तुटला तं दात बसवावा. दुसऱ्याचं चाक कायले काहाडावं? अर्जुनीले सोनार हाये."

सहा वर्षांत मी कॅमेऱ्याच्या कारागिरांकडं गेले, घड्याळवाल्यांकडं गेले. सोनाराकडं जायचं कधी सुचलं नव्हतं.

दुपारी काकाजी जेवायला आले तेव्हा मीच त्यांना सांगितलं. मावशींनी सांगितलं नव्हतं आणि सांगणारही नव्हत्या, पण त्यांच्या ताटात त्यांचा भात खाऊन गप्प बसणं मला जमेना. काकाजींनी घास गिळला. ते पाणी प्याले आणि ताटाकडं बघत बोलले.

"काल तुमी तलावावर गेल्या ना, तवा मीबी तुमच्या भिंगाचे स्क्रू पाहून ठेवले होते. डोरे चांगले असते तं काहाडलंबी असतं." बोलताना त्यांनी स्वतःच्या डोळ्यांकडं बोट केलं.

मावशींनी आम्हा दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं आणि आणखी भात वाढला. त्यानंतर आमच्यात कसलाही संकोच उरला नाही.

अर्जुनी मोरगाव

सोनाराला नवे दात घडवायला नमुना लागणार होता, म्हणजे काकाजींचं चाक. जे सकाळी मी चोरून काढणार होते ते दुपारी त्यांच्याच सांगण्यावरून, त्यांच्या डोळ्यांदेखत काढलं. कागदात गुंडाळून त्यांनी ते स्वतःच्या खिशात ठेवलं. एसटीत सबंध वाटभर त्यांचा हात त्या खिशावर होता.

वाटेत ते त्यांच्या दुकानाबद्दल बोलले. लग्नं, मंडई म्हणजे दिवाळीनंतरची इथली जत्रा, शाळांचे वर्ग, बांधाचं काम झालं की पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभं राहून काढलेला गावाचा फोटो. फोटो मी काढायचो, पण अंधारातलं काम सगळं हिचं, ते म्हणाले. रोल धुणं, कागद धुणं, सगळं. मला त्यांनी ते सहज सांगितलं, पण मी स्वतःच्या नखांकडं बघितलं. काल मावशींनी माझ्या बोटांकडं का पाहिलं असेल, ते लक्षात आलं. वर्षानुवर्षं औषधात बुडालेली नखं एका जागी पिवळी पडतात आणि मग पुरती पांढरी होत नाहीत. माझी तशी आहेत.

सोनाराचं नाव किसनजी. बाजारपेठेत अरुंद दुकान, मांडीवर चामडं, डोळ्याला भिंग. दोन्ही चाकं त्यांनी तळहातावर घेऊन वजन केल्यासारखी हलवली. गळ्यातलं, कानातलं सगळं आतापर्यंत आलं, ये पहली बार आ रहा है, म्हणाले. नंतर त्यांनी जे केलं ते मी अगदी जवळ सरकून पाहिलं. तुटलेल्या दातांच्या जागी बारीक खाच पाडली. पितळेचा तांदळाच्या दाण्याहून लहान तुकडा त्यात बसवला. जोडासाठी चांदीचा डाग लावून फुंकणीनं आच दिली. मग काकाजींचं चाक वर ठेवून, त्याच्या दातांवर डोळा ठेवून, कानशीनं एकेक केस काढावा तसं घासत राहिले. मधेच एक बाई पैंजण घेऊन आली. तिला त्यांनी बसायला सांगितलं आणि ती बसली, आणि तीही बघत राहिली.

दोन तास लागले. चाक मी तिथंच बसवलं. हँडल फिरवलं. जिथं सहा वर्षं घसरत होतं तिथं आलं, आणि गेलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा गेलं.

"बिना फिल्म का है अभी," किसनजी म्हणाले. "जोर पडेल तेव्हा पाहाल. तुटला तर परत आना, सोडायचं नाही."

काकाजींनी आपलं चाक आधी मागून घेतलं, खिशात ठेवलं, आणि मग हसले.

कोठीच्या खोलीत

आता त्यांचं भिंग साफ करायची पाळी माझी होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मी छपरीत चादर अंथरली आणि आधी काकाजींचं चाक त्यांच्या कॅमेऱ्यात परत बसवलं. बुरशी औषधानं पुसली. हळूहळू जाळं विरघळलं. काचेवर एक फिकट डाग कायमचा राहिला, तो फोटोत दिसणार नव्हता. शटरमधलं सुकून गोंद झालेलं तेल पेट्रोलनं काढायचं होतं, ते सोपं काम. आणि त्या सोप्या कामात माझा चिमटा सुटला.

शटरमधली केसाएवढी स्प्रिंग उडाली. ती कुठं पडली ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं: छपरीच्या टोकाला उन्हात पसरलेल्या धानाच्या राशीत.

ती स्प्रिंग आता जगात कुठं मिळत नाही. काकाजी उठून उभे राहिले, पुन्हा बसले. वनितानं चुंबक शोधायला सुरुवात केली. मावशी म्हणाल्या, कोणी पाय ठेवू नका. त्यांनी सूप आणलं. जिथं पडली त्याच्या आजूबाजूचं चार-पाच पायली धान वेगळं ओढलं आणि एकेक सूपभर पाखडायला बसल्या. धान सुपात उसळून पडताना एकसारखा सळसळ आवाज होतो. त्या बघत नव्हत्या, ऐकत होत्या. नवव्या की दहाव्या सुपाला त्यांचा हात थांबला. सूप तिरकं करून त्यांनी हलक्या बोटानं दाणे बाजूला सारले. कोपऱ्यात स्प्रिंग होती.

मी वाकून त्यांच्या पाया पडले. त्यांना ते आवडलं नाही. काम करा म्हणाल्या.

दुपारपर्यंत काकाजींच्या कॅमेऱ्याचं शटर उघडायला-मिटायला लागलं होतं. मी माझ्या दोन रोलांपैकी एक त्यात भरून दिला. त्यांनी तो घेतला, शेला नीट गुंडाळला आणि कोणाला बरोबर न घेता बाहेर पडले. ऊन उतरेपर्यंत आले नाहीत. गावभर, तलावाच्या पाळीवर, खळ्यात हिंडले म्हणे. परत आले तेव्हा रोल संपलेला होता. तो त्यांनी माझ्या हातात न देता सवयीनं मावशींच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आम्ही दोघींनी धुतला. धान साठवायच्या कोठीच्या खोलीला खिडकी नव्हती. कौलांच्या फटींत मावशींनी गोणपाट कोंबलं, दाराच्या खाली घोंगडी घातली. मी घरून तापमापक आणला होता. मावशींनी माठातलं पाणी ओतून मनगट बुडवलं आणि बरोबर आहे म्हणाल्या. मी तापमापक बुडवून पाहिला. बरोबर होतं.

माझी सगळी नोकरी लाल दिव्यात गेली. इथं दिवा नाहीच. या फिल्मला कुठलाच उजेड चालत नाही. दार लागलं तेव्हा मला स्वतःचा हात दिसेना. मावशींनी रोल उलगडला, कागद सोडवला. फिल्मची दोन टोकं दोन हातांत धरून ती औषधाच्या थाळीतून वर-खाली, वर-खाली ओढायची, अशी त्यांची पद्धत. पाण्याचा आवाज येत होता आणि त्या हलक्या आवाजात मोजत होत्या. दीडशेपर्यंत मोजायच्या, थांबायच्या, पुन्हा एकपासून. अकरा वर्षांनी हे काम करतेय असं त्या हातांवरून वाटत नव्हतं. मधे एकदा त्यांनी विचारलं, "तुमचीबी बंद केली का खोली?" मी हो म्हणाले. पुन्हा मोजणं सुरू झालं.

हायपोचा, म्हणजे फिल्म पक्की करणाऱ्या औषधाचा, तो आंबूस वास आला तेव्हा मला रडू आलं, आणि अंधार असल्यामुळं बरं झालं.

दार उघडलं. बाहेर काकाजी उंबऱ्याशीच उभे होते. आलं का, त्यांनी विचारलं. मावशींनी फिल्म पाण्यातून निथळवून उन्हाकडं धरली. बाराच्या बारा चौकटी, काळ्याच्या जागी पांढरं, पांढऱ्याच्या जागी काळं, धारदार. मी मागून वाकून पाहिलं. पहिल्या चौकटीत तलाव होता, दुसरीत डोंगा, तिसरीत एक पुंजणा. चौथीपासून पुढं एकच बाई होती. नळावर वाकलेली. चाऱ्याचा भारा घेऊन चाललेली. खळ्यात पाठमोरी. सूप हातात घेऊन. एकाही फोटोत तिला माहीत नव्हतं की कोणी फोटो काढतंय.

मावशी शेवटच्या चौकटीपर्यंत गेल्या. परत पहिलीपासून पाहिलं.

"रोल वाया घालवला यायनं," त्या मला म्हणाल्या.

मग त्यांनी तो दोरीवर चिमट्यानं टांगला, खाली वजनाला दुसरा चिमटा लावला, आणि सुकेपर्यंत स्वतः तिथून हलल्या नाहीत. काकाजींनाही हात लावू दिला नाही.

निघायचा दिवस

माझी बस सकाळची होती. मी पिशवी भरून निरोप घ्यायला गेले, तर काकाजींच्या अंगणात माणसं उभी होती. दोरीवरचा रोल आदल्या दिवशी येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांनी पाहिला होता. काकाजींचा कॅमेरा सुरू झाला, ही बातमी गावभर गेली होती. बायकांनी ठेवणीतली लुगडी नेसली होती. म्हातारे दाढ्या करून आले होते. या सगळ्यांच्या खिशात फोटो काढणारा फोन होता. तरीही ते आले होते.

काकाजींकडं रोल नव्हता. शेवटचा रोल माझ्या पिशवीत होता. मी तो काढून त्यांच्यापुढं धरला. त्यांनी घेतला नाही.

"तुमच्यात भरा," ते म्हणाले. "सोनाराचा दात पाहू. आज तुमीच काढा, मी बसवतो लोकायले."

मला नाही म्हणायचं होतं. बिनफिल्मचं चाक फिरणं वेगळं आणि फिल्म ओढणं वेगळं. एवढ्या माणसांसमोर तो दात तुटला असता तर? पण त्यांनी एक बाकडं मधे ओढलंच होतं. मी रोल भरला. हँडलवर हात ठेवला. पहिली चौकट येईपर्यंत ते जड जात होतं, आणि मला किसनजींचा तो तांदळाएवढा तुकडा डोळ्यांसमोर दिसत होता. चाक तिथं आलं. किंचित अडल्यासारखं वाटलं. गेलं.

फोटो बारा आणि माणसं चाळीस-पन्नास. काकाजींनी घरं घरं करून बसवली. कोण पुढं, कोण मागं, कोणाचा हात कोणाच्या खांद्यावर, हे ते एका नजरेत ठरवत. मावशी रांग सांभाळत होत्या. सगळं जमलं की काकाजी म्हणायचे, "हालू नका." मी खटका दाबायचे. ते म्हणायचे, "हाला आता." आणि मी हँडल फिरवायचे. दर वेळी माझे कान चाकाकडं. चार झाले. सात झाले. नवव्या वेळी जरा करकरलं, पण चाक गेलं. तेवढ्यात बसचा हॉर्न ऐकू आला. वनितानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. बस गेली.

बारावा फोटो उरलेल्या सगळ्यांचा होता. काकाजींनी कॅमेऱ्याकडं पाठ केली, मावशींना हाताला धरून बाकड्यावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. त्यांच्यामागं वनिता, तिची वहिनी आणि दहा-बारा माणसं. वरच्या काचेत सगळी मला दिसत होती, डावी-उजवी उलटी, लहान आणि स्पष्ट. आता सांगणारं कोणी नव्हतं, म्हणून मीच म्हणाले, हालू नका.

खटका दाबला. हँडल फिरवलं. या वेळी ते कुठंही थांबलं नाही. संपलेली फिल्म पलीकडच्या रिळावर जाऊन हँडल हलकं, मोकळं फिरायला लागलं. बाराच्या बारा. मी फिरवत राहिले, त्या मोकळेपणाचा आवाज ऐकत. किती वेळ, कोणास ठाऊक. मान वर केली तर समोर सगळं अंगण तसंच होतं. काकाजी ताठ, मावशींचा हात गुडघ्यावर, मागच्या रांगेतले म्हातारे श्वास धरून. कोणी पापणी लववत नव्हतं.

"बाई," काकाजी ओठ न हलवता म्हणाले, "सोडा जी त्याईले."

"झालं," मी म्हणाले. "हाला आता."

आणि अख्खं अंगण एकदम हाललं.